चाळीस शेअर, सात ठराव: ई-व्होटिंगचा मेल कुणी उघडतं का?

भाकरवडी
बाबांचं डिमॅट मागच्या वर्षी माझ्या नावावर झालं. सतरा कंपन्या, कुठे चाळीस शेअर, कुठे अकरा, एका ठिकाणी तर तीनच (बाबांनी तीन का घेतले देव जाणे). तर जुलै लागला आणि इनबॉक्समध्ये एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) नोटिसांचा पाऊस सुरू झाला, वार्षिक अहवाल तीनतीनशे पानांचे आणि खाली कुठेतरी ई-व्होटिंगची लिंक. भाऊ म्हणतो सरळ स्पॅममध्ये टाक. पण बाबा प्रत्येक नोटीस वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, ते आठवलं म्हणून काल एक उघडली. चाळीस शेअरवाली. सात ठराव. हिशेब मंजूर करा, डिव्हिडंड मंजूर करा, मग 'रोटेशनने निवृत्त होणारे व पुनर्नियुक्तीस पात्र' असे कोणीतरी गृहस्थ, मग ऑडिटरची फी, आणि शेवटचे तीन डोक्यावरून गेले. त्यातल्या एकावर 'मटेरियल रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन' असं लिहिलंय.
माझ्या चाळीस शेअरने काय डोंबल फरक पडणार? आणि पडत असेल तर यातलं वाचायचं काय आणि सोडायचं काय?

बेरकी
भाऊ बरोबर बोलतोय. प्रवर्तकाकडे (कंपनी काढणारं घराणं किंवा मूळ कंपनी) साठ टक्के, तू चाळीस शेअर घेऊन काय करणार, रुसून बसणार? सभेच्या आधीच निकाल ठरलेला असतो. डिव्हिडंड खात्यात आला का ते बघ आणि झोप.

सातारी_कंदी
आमच्या कारखान्याची सर्वसाधारण सभा बघायला या एकदा, सप्टेंबर संपायच्या आत असतीया. विषय क्रमांक एक वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगेतनं मंजूर मंजूर, मागनं नामंजूर, कुणीतरी माईककडं धावतंय, चेअरमन 'सर्व विषय मंजूर' म्हणून राष्ट्रगीताला उभं राहत्यात. दहा मिंटात खेळ खलास. तिथं निदान माणशी एक मत हाय, ऊस दहा एकर असू दे न्हाईतर दहा गुंठं. तुमच्यात तर ज्याचं शेअर जास्त त्येचाच आवाज. मग ह्यो मेल पाठवायचा सोपस्कार तरी कशाला?

डेबिट_क्रेडिट
कंपनी सेक्रेटरीच्या फर्ममध्ये आठ वर्षं घासलीत आणि स्क्रुटिनायझरचं काम म्हणजे मतमोजणी जवळून बघितलीये त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.
सातारीसाहेब, लिस्टेड कंपनीत मंजूर-मंजूर चालतच नाही. जिथे ई-व्होटिंग लागू तिथे हात वर करून मतदान कायद्यानेच बाद. सभेआधी किमान तीन दिवस पोर्टल उघडं ठेवावं लागतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला ते बंद होतं. ते चुकलं तर सभेत लॉगिन करून देता येतं, पण एकदा दिलेलं मत बदलता येत नाही हे लक्षात ठेवा.
आता बेरकी म्हणतो ते साध्या ठरावांना बऱ्यापैकी लागू आहे. बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त की झालं, प्रवर्तकाकडे साठ असतील तर विषय संपला. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात, म्हणजे ७५%. आणि इथेच सगळे घसरतात, कारण हे टक्के एकूण शेअर्सचे नाहीत, पडलेल्या मतांचे आहेत. समजा प्रवर्तकाकडे ५० आहेत आणि बाकीच्या ५० पैकी १५ च जणांनी मत दिलं, सगळं विरोधात. तरी ६५ पैकी ५० म्हणजे जवळजवळ ७७% झाले आणि विशेष ठराव पास. अजून दोन जण उठले असते तर पडला असता. 'माझ्याने काय होणार' म्हणून जे झोपले त्यांनी एका परीने बाजूनेच मत दिलं की.
तिसरा प्रकार तुझा तो रिलेटेड पार्टीवाला. म्हणजे कंपनीने प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीकडून माल घेणं, तिला कर्ज देणं, तिची जागा भाड्याने घेणं, परदेशातल्या मूळ कंपनीला रॉयल्टी देणं. व्यवहार ठराविक मर्यादेच्या वर गेला (२०२२ पासून ती १००० कोटी किंवा उलाढालीच्या १०%, जे कमी असेल ते, अशी होती, मोठ्या कंपन्यांना ती उलाढालीप्रमाणे वाढवून द्यायला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या, बोर्डाने २०२५ ला मंजुरी दिली) की भागधारकांकडे यावं लागतं आणि कुठल्याच रिलेटेड पार्टीला बाजूने मत देता येत नाही. विरोधात द्यायचं तर खुशाल द्यावं, पण ते कशाला देतील. साठ टक्केवाला गप्प बसतो आणि उरलेल्या चाळिसातले ठरवतात.
नेस्ले इंडियाचं २०२४ चं आठवत असेल. स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ४.५% वरून ५.२५% वर न्यायची होती, दरवर्षी ०.१५ असं पाच वर्षांत. मूळ कंपनीकडे ६२.७६% शेअर, तरी हाताची घडी. बाकीच्यांची ५७.१८% मतं विरोधात पडली, ठराव आडवा. मग ४.५% च पुढे चालू ठेवायचा नवीन ठराव आणला, तो पास झाला.

भाकरवडी
अय्या म्हणजे मॅगीवाल्यांना नाही म्हणाले लोक? हे मला माहीतच नव्हतं. वाचतेय, अजून लिहा.

जुनं_खोड
धाग्यावर जुनी माणसं कमी दिसतायत म्हणून आलो. आम्ही एजीएमला जायचो ते मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्रीला, कामावर अर्धी रजा टाकून. रिलायन्सची सभा कूपरेजच्या मैदानावर मांडव घालून झालेली मी पाहिली आहे, फुटबॉलच्या मॅचला नसेल एवढी गर्दी. खरं सांगायचं तर अर्धी गर्दी खाण्याच्या पाकिटासाठी. सामोसा, वेफर्स, एक बर्फी आणि कॉफी. काही कंपन्या आपल्याच मालाची पिशवी द्यायच्या, साबण, बिस्किटं असं. १ जुलै २०१५ पासून सेक्रेटेरियल स्टँडर्डने (सभा कशा घ्यायच्या त्याच्या नियमावलीने) भेटवस्तू बंद केल्या आणि हॉल निम्मे रिकामे झाले, यातच काय ते समजा.
कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, गंमत ठाऊक आहे का? पाच हजारांच्या वर कितीही सभासद असोत, पार तीस लाख असोत, सभेला तीस माणसं हजर असली की कोरम पूर्ण. आमच्या सोसायटीच्या सभेला याहून जास्त लोक भांडायला येतात.
आणि ते ठरलेले वक्ते! आता सभा व्हिडिओवर गेल्या (२०२० पासून) तरी तीच मंडळी नाव नोंदवून येतात. 'माननीय चेअरमनसाहेब, सेक्रेटेरियल टीमने मला वेळेत अहवाल पाठवला, फोन केला की लगेच उचलतात', मग एक शेर, मग 'बोनस कधी?' आणि 'फॅक्टरी व्हिजिट ठेवा'. तीन मिनिटं संपली. मी एकदा एका कंपनीत (नाव घेत नाही) विचारलं होतं की भगिनी कंपनीला दिलेलं कर्ज परत कधी येणार. अध्यक्ष गोड हसले आणि म्हणाले, आपण सेक्रेटरींना लेखी कळवा. कळवलं. अकरा वर्षं झाली.

बेरकी
@जुनं_खोड खिक्. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत की काका.
@डेबिट_क्रेडिट नेस्ले एक उदाहरण झालं. बाकी हरले तरी काय होतं सांगू? बुलेटवाल्या आयशरने २०२१ ला एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि पगाराचा विशेष ठराव ठेवला, ७३% च्या आसपास मतं मिळाली, पंचाहत्तर नाही झाली, ठराव पडला. सगळीकडे हेडलाईन, भागधारक जागे झाले वगैरे. मग पगाराची कमाल मर्यादा खाली आणून परत ठेवला, पास. टाटा मोटर्सने २०१४ ला तोट्याच्या वर्षात बड्या अधिकाऱ्यांच्या जादा पगाराला मंजुरी मागितली, पडली, काही महिन्यांनी परत मागितली, मिळाली. म्हणजे मुलगी नाही म्हणाली तर पुढच्या मुहूर्ताला परत विचारायचं.

डेबिट_क्रेडिट
अरे पण मर्यादा खाली आणून आणला ना? मग काम झालंच की. कुणाला लाल यांना घरी पाठवायचं नव्हतं, बुलेट विकणारा माणूस आहे तो, पगाराला आक्षेप होता. बाहेरच्यांच्या मतांमुळे पगाराचा कागद बदलला.
आणि टाटा मोटर्सचं महत्त्व वेगळं आहे. टाटांच्या कंपनीचा ठराव लहान भागधारक पाडू शकतात हे तोपर्यंत कुणाच्या गावी नव्हतं. त्याच्यानंतर कंपन्या नोटीस काढायच्या आधी फंडांना आणि प्रॉक्सी सल्लागारांना (कुठल्या ठरावावर कसं मत द्यावं ते फंडांना सांगणाऱ्या संस्था) फोन फिरवायला लागल्या, हे मी स्वतः बघितलंय. पडणारा ठराव बऱ्याचदा नोटिशीत येतच नाही. आधीच मागे घेतात, तो निकालात कसा दिसणार?

मोरपीस
मध्ये बोलते. सगळे 'लहान भागधारक, लहान भागधारक' करताय पण हे ठराव पाडतं कोण? बहुतेक वेळा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड. तुम्ही एसआयपी करत असाल तर तुमच्या वतीने फंड मॅनेजर मत देतो आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्याला प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं, कारणासकट साइटवर टाकावं पण लागतं. एकदा ती एक्सेल उघडून बघा, भारी मनोरंजन आहे. एकाच ठरावावर एक फंड म्हणतो 'भागधारकांच्या हिताचा' आणि दुसरा म्हणतो 'अजिबात नाही'. मी माझ्या फंडाची यादी चाळली तर बाजूने, बाजूने, बाजूने, कारणाच्या रकान्यात सगळीकडे तेच एक वाक्य चिकटवलेलं. फी आपण देतोय बरं का.
प्रॉक्सी सल्लागारांचा धाक मात्र खरा. एचडीएफसीत २०१८ ला दीपक पारेखांचं संचालकपद पुढे चालू ठेवायचा ठराव होता. एचडीएफसी म्हणजे पारेख हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण परदेशी सल्लागारांनी 'इतक्या कंपन्यांच्या बोर्डांवर बसलेला माणूस वेळ कुठून देणार' म्हणून विरोधाची शिफारस केली आणि २२.६४% मतं विरोधात गेली. पंचवीसच्या वर गेली असती तर ठराव पडला असता. त्या कंपनीला प्रवर्तकच नव्हता, त्यामुळे आडोसाही नव्हता.

सातारी_कंदी
शेंबड्या पोराला ठाऊक असलं तरी आम्हाला न्हवतं. पण एक सांगा, प्रवर्तकच नसलेली कंपनी आसती व्हय? मग मालक कोण?

मोरपीस
अहो हाच तर सगळा घोळ. मालक सगळे, म्हणजे कोणीच नाही.

जुनं_खोड
स्वतंत्र संचालकांवर (प्रवर्तकाशी संबंध नसलेले, बाहेरून आणलेले) फार विसंबू नका मंडळी. माझ्याकडे सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर होते. १६ डिसेंबर २००८ ला बोर्डाने ठरवलं की अध्यक्ष रामलिंग राजूंच्या कुटुंबाच्या मेटास नावाच्या दोन कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायच्या. सत्यम हे नाव इंग्रजीत लिहून उलटं वाचा, मेटास होतं. बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक बसलेले, तरी ठराव संमत. आम्हाला कुणी विचारलं नाही, मतदान नाही, काही नाही. अमेरिकेत शेअर आपटला, मोठे गुंतवणूकदार खवळले म्हणून रात्रीत निर्णय फिरवला. ७ जानेवारीला राजूंचं पत्र आलं की पुस्तकात सात हजार कोटींच्या वर हवाच होती. मेटास घेऊन ते भगदाड बुजवायचं होतं. आज तसाच प्रस्ताव आणला तर राजूंना बाजूने मत देता आलं नसतं, हे वर लिहिलेलं वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं. तो नियम तेव्हा असता तर माझं नुकसान वाचलं असतं असं मात्र म्हणणार नाही, हवा तर आधीच भरलेली होती.

बेरकी
काका, सत्यमबद्दल वाईट वाटलं खरंच.
तरी झीचं सांगतो आणि थांबतो. नोव्हेंबर २०२४ च्या एजीएमला प्रवर्तक घराण्यातल्या पुनीत गोएंकांना परत संचालक करायचा ठराव. बाजूने ४९.५४, विरोधात ५०.४६. पडला. एक टक्क्याचा पण फरक नाही, इथे तुमचं ते 'एक एक मत' वगैरे मान्य. पण गोएंका सीईओ म्हणून राहिलेच! एमडीपद त्यांनी सभेच्या दहा दिवस आधीच सोडलेलं. बोर्डातून बाहेर, केबिनमध्ये आत. मग काय उपटलं मतदारांनी?

डेबिट_क्रेडिट
पुढचा अंक पण सांग ना मग. जुलै २०२५ ला झीच्या प्रवर्तकांना वॉरंट (ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) देऊन २२३७ कोटी उभे करायचा विशेष ठराव आला. प्रवर्तकांचा हिस्सा चार टक्क्यांहून कमी, तो अठराच्या वर जाणार होता. बाजूने ५९.५१% पडली. बहुमत होतं, तरी पंचाहत्तर नाही म्हणून पडला. चार टक्क्यांवर कंपनी चालवणाऱ्या घराण्याला आपला हिस्सा वाढवायला दारात उभं राहून परवानगी मागावी लागली आणि ती मिळाली नाही. लोकांनी बरोबर केलं का चूक, ते सोड. प्रवर्तकाने स्वतःचे पैसे घालणं वाईट असं माझं मत नाही, उलट मी असतो तर कदाचित बाजूने दिलं असतं. पण 'निकाल आधीच ठरलेला असतो' हे तुझं वाक्य आता तूच मागे घे.

बेरकी
अर्धं घेतो. ज्या कंपनीत प्रवर्तक लंगडा तिथे मतदान चालतं, बाकी ठिकाणी तोंडदेखलं.

अटलांटिक_पार
न्यू जर्सीहून. इकडे पण रडगाणं तेच, ब्रोकरचं 'तुमचं प्रॉक्सी मत नोंदवा' असं मेल येतं आणि ९० टक्के देशी मंडळी डिलीट मारतात (टक्के माझ्या ऑफिसातल्या चहाच्या टेबलावरचे आहेत, सेन्ससचे नाहीत). पण एक्झॉन या तेल कंपनीचं २०२१ चं भारी झालं होतं. इंजिन नंबर वन नावाचा चिमुकला फंड, कंपनीचे ०.०२% शेअर, आणि त्याने बाकीच्या मोठ्या फंडांना पटवून बोर्डावर आपले तीन लोक निवडून आणले. भारतात असं करायला गेलं तर काय लागतं?

डेबिट_क्रेडिट
@अटलांटिक_पार स्वतः विशेष सभा बोलवायला भरलेल्या भांडवलाच्या १०% हिस्सा लागतो, त्यामुळे ०.०२ वाल्याने घरीच बसावं. इन्व्हेस्को या परदेशी फंडाने २०२१ ला झीत हे केलं होतं, जवळजवळ १८% होते तरी कंपनीने सभा बोलवली नाही, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, आधी मनाई मिळाली, मार्च २०२२ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने ती उठवली. एवढं झाल्यावर इन्व्हेस्कोने सभेचा आग्रहच सोडला.
अवांतर: कायद्यात 'लहान भागधारकांचा संचालक' अशी एक तरतूद आहे, दर्शनी किंमत वीस हजारापर्यंत शेअर असणारे हजार जण किंवा त्यांच्यातले एक दशांश, जे कमी असेल ते, एकत्र आले तर नाव सुचवू शकतात. हजार अनोळखी माणसं गोळा कोण करणार. आपल्याकडे लग्नाला हजार येतात, याला नाही.

मोरपीस
लहान लोकांची मतं किती हवी असतात ते आयसीआयसीआय सिक्युरिटीजला दिसलं. मार्च २०२४, डीलिस्टिंग म्हणजे शेअर बाजारातून काढून घेणं, आणि बदल्यात शंभर शेअरला आयसीआयसीआय बँकेचे ६७ शेअर. बँकेच्या लोकांनी भागधारकांना मतासाठी फोन केल्याच्या तक्रारी झाल्या आणि सेबीने बँकेला ताकीद दिली. सार्वजनिक भागधारकांची जवळजवळ ७२% मतं बाजूने पडून ते पास झालं, पण फोड बघा: संस्था ८४% च्या आसपास बाजूने, बाकीच्यांमध्ये जेमतेम ३२%. म्हणजे ज्यांच्या घरी फोन गेले त्यांनी नाहीच म्हटलं, आणि हरले.
@भाकरवडी निकाल बघताना एकूण टक्का बघू नकोस. प्रवर्तक, सार्वजनिक संस्था, सार्वजनिक इतर अशा तीन ओळी असतात. तू तिसऱ्या ओळीत.

भाकरवडी
रिपोर्टिंग. काल बसले. लॉगिनला पाऊण तास गेला कारण ओटीपी बाबांच्या बंद नंबरवर जात होता, ब्रोकरकडे नंबर बदललाय पण डिपॉझिटरीत (जिथे डिमॅटचे शेअर प्रत्यक्ष ठेवलेले असतात) जुनाच. ते निस्तरलं. मग रिलेटेड पार्टीचा ठराव वाचला. मुख्य नोटिशीत चार ओळी आणि मागे स्पष्टीकरणात पाच पानं. कंपनी प्रवर्तकांच्याच एका कंपनीकडून कच्चा माल घेणार. दर कसा ठरणार तर 'आर्म्स लेन्थ', म्हणजे परक्याशी केल्यासारखा. मूल्यांकन अहवाल आहे का तर 'लागू नाही'. पर्यायी पुरवठादार का नाही यावर एक अक्षर नाही. बाबांच्या जुन्या फाईलमधली त्याच कंपनीची नोटीस काढली, तिथे याच ओळीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलेलं. चार वर्षांपूर्वीचं.
विरोधात दिलं. पाचला दहा कमी असताना.

बेरकी
आणि निकाल?

भाकरवडी
आज आला. ९१% बाजूने, पास. संस्थांच्या ओळीत बहुतेक सगळे बाजूने. तिसऱ्या ओळीत मतदान झालंच मुळी दीड टक्का, त्यात विरोध बऱ्यापैकी.

बेरकी
दीड टक्का! बघ, मी काय म्हणत होतो.

डेबिट_क्रेडिट
मी पण हेच म्हणत होतो :)

सातारी_कंदी
दोघं बी बरोबर कसं काय असतंय ह्ये?

भाकरवडी
भांडा तुम्ही. तोवर दुसरा प्रश्न: त्या तीन शेअरवाल्या कंपनीची नोटीस आलीये. त्यात नवीन ऑडिटर नेमायचा ठराव आहे, 'कॅज्युअल व्हेकन्सी' (मध्येच रिकामी झालेली जागा) भरण्यासाठी. जुन्यांची मुदत अजून दोन वर्षं होती असं मागच्या अहवालात दिसतंय. यात काही विशेष?

डेबिट_क्रेडिट
मुदतीआधी गेले? थांब, मत देऊ नकोस अजून. ऑडिटरने राजीनामा दिला की त्याने दिलेली सविस्तर कारणं कंपनीला चोवीस तासांत एक्स्चेंजवर टाकावी लागतात. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये जा, तारीख मागे नेऊन शोध आणि ते पत्र इथे डकव.

जुनं_खोड
'वैयक्तिक कारण' लिहिलं असेल तर मला लगेच कळवा. माझ्याकडे पण ते शेअर असावेत, कपाट उघडतो.